श्रीपतच्या कमरेचा पट्टा

श्रीपत वासनिक लखनौला आला तेव्हा वजन उचलणं हा खेळ असतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. पवनीजवळच्या गावात त्याने धानाची पोती पाठीवर घेतली होती, पण ते काम होतं. १९७१ साली रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे ओझी हलवणारा मदतनीस, म्हणून नोकरी लागली, आणि बायको चंदा व कडेवरची बेबी यांना घेऊन तो आलमबागच्या रेल्वे कॉलनीत राहायला आला. मी त्याच वर्कशॉपच्या टाइम ऑफिसात क्लार्क होतो. आमच्या क्वार्टर्सची भिंत एकच होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. तो मला दिनकरभाऊ म्हणायचा, पण बोलणं अरे-तुरेचंच.

कॉलनीपासून थोड्या अंतरावर बन्ने मियाँची व्यायामशाळा होती. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, मधोमध लाकडी फळ्यांचा चौथरा आणि त्यावर लोखंडी बार. बन्ने मियाँ मूळचे मलिहाबादचे. घरची आंब्याची बाग होती, त्यामुळे दशहरी आंब्याच्या दिवसांत व्यायामशाळेला कुलूप असायचं आणि उस्ताद बागेत. बाकी वर्षभर मात्र ते पहाटे हजर. तरुणपणी त्यांनी स्वतः स्पर्धा गाजवल्या होत्या. बोलणं इतकं अदबीचं, की पोरांना रागावतानासुद्धा ‘आप’ म्हणायचे.

श्रीपत तिथे गेला तो कुणीतरी हट्टाने नेलं म्हणून. पहिल्याच दिवशी त्याने जे उचललं ते पाहून उस्ताद म्हणाले, “मियाँ, आप अब तक थे कहाँ?” श्रीपत नुसता हसला. त्या दिवसापासून त्याची सकाळ तिथेच जाऊ लागली.

त्या व्यायामशाळेत जुनी पोरं कमरेला चामड्याचा रुंद पट्टा बांधायची. श्रीपतलाही तो हवाच होता. चौकात टांग्याच्या घोड्यांचा साज शिवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याच्याकडून त्याने जाड चामड्याचा, दोन बकलांचा पट्टा शिवून आणला. घरी येऊन बांधून दाखवला तेव्हा चंदा म्हणाली, “घोड्याचं घोड्यालेच शोभते बाप्पा.” बेबी टाळ्या पिटायला लागली.

पट्टा आला आणि श्रीपतचा जोर वाढला. म्हणजे त्याला तसं वाटायचं. हळूहळू तो हलक्या वजनालाही पट्टा बांधू लागला. मग सराव सुरू व्हायच्या आधीच बांधायचा आणि घरी आल्यावर सोडायचा. उस्ताद टोकायचे. पट्ट्याला ते पेटी म्हणत. म्हणायचे, ही पेटी कमरेसाठी नाही, पोटासाठी आहे. श्वास पोटात भरायचा, तो धरायचा, आणि पोटाने पट्ट्याला आतून ढकलायचं. तेव्हा कुठे पाठ ताठ उभी राहते. “पेटी आपको नहीं सँभालती, आप पेटी को दबाते हैं।” श्रीपत मान हलवायचा आणि बकल आणखी एक भोक आवळायचा.

१९७६ च्या हिवाळ्यात ते घडलं, आणि व्यायामशाळेत नाही, वर्कशॉपमध्ये घडलं. ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांची पेटी जमिनीवरून उचलून ठेल्यावर ठेवायची होती. रोजचंच काम. श्रीपतने वाकून पेटी उचलली, ठेला बाजूला होता म्हणून उचलता उचलताच कमरेतून वळला, आणि तसाच गुडघ्यावर बसला. आवाज नाही, ओरडणं नाही. माणसं धावली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “पाय कुठं आहे माझा?” डावा पाय बधिर झाला होता.

हॉस्पिटलात त्याला फळीवर झोपवून ठेवलं होतं. मी भेटायला जायचो. छताकडे बघत तो एकच वाक्य बोलायचा, “पट्टा घरी राहिला होता, दिनकरभाऊ. पट्टा असता तर हे झालं नसतं.”

एकदा मी गेलो तेव्हा बन्ने मियाँ स्टुलावर बसलेले होते. श्रीपतने त्यांनाही तेच ऐकवलं. उस्तादांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, “बुरा न मानिएगा। मुझे तो उल्टा लगता है। आपने पेटी इतनी बाँधी कि बदन अपने-आप कसना भूल गया। और ऊपर से आप मुड़ गए।”

श्रीपतने भिंतीकडे तोंड फिरवलं. आजारी माणसाला असं बोलायला नको होतं, असं मलाही वाटलं. उस्ताद उठले, त्यांनी सलाम केला आणि गेले. पुढची कित्येक वर्षं श्रीपत व्यायामशाळेच्या रस्त्याने गेला नाही.

तो चालायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही आठवडे आधाराला पट्टा बांधा, मग सोडा, थोडं थोडं चाला, पाठीचे व्यायाम करा. श्रीपतने त्यातलं पहिलं तेवढं धरलं. साजवाल्याचा तो चामड्याचा पट्टा बनियनवर बांधायचा, वरून शर्ट. सकाळी उठला की बांधायचा आणि अंथरुणावर पडतानाच सोडायचा. उन्हाळ्यात घामाने कातडी सोलून निघायची. चंदा खोबरेल लावायची आणि बोलायची, “डॉक्टरनं कधीचं सोडाले सांगतलं न?” तो म्हणायचा, “डॉक्टरले नाही वाकाले लागत.”

वर्कशॉपमध्ये त्याला टूल रूममध्ये हलकं काम मिळालं. खिडकीतून पाने-हातोडे द्यायचे आणि परत घ्यायचे. ज्याने कधी एकट्याने पेट्या हलवल्या, त्याच्यासाठी आता दुसरा माणूस येऊन खालच्या फळीवरचं सामान काढून द्यायचा. श्रीपत तेव्हा दुसरीकडे बघायचा. घरी पाण्याची बादली चंदा उचलायची, गव्हाचं पोतं बेबी ओढायची. एका रविवारी बेबीने लाडाने पाठीवर उडी मारायचा प्रयत्न केला, तर तो असा किंचाळला की पोरगी थिजून उभी राहिली. पुन्हा तिने कधी तसं केलं नाही. अशी आठ वर्षं गेली.

१९८४ ची चौदा एप्रिल. कॉलनीतल्या आम्हा मराठी मंडळींची बाबासाहेबांची जयंती रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर व्हायची. संध्याकाळी भाषणं, मग जेवण. आजूबाजूच्या सगळ्यांना आवतण असायचं, तसं त्या वर्षी बन्ने मियाँनाही होतं. ते पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात लवकर येऊन खुर्चीवर बसले होते. तेवढ्यात सायकल रिक्षातून कणकेचं पोतं आलं. पुरुष मंडळी मंडपाचे दोर ओढण्यात गुंतली होती. बेबी पुढे झाली. पंधरा वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची पोरगी. तिने ओढणी कमरेला खोचली, पोत्याला अंग भिडवलं, खाली बसली आणि पाठ जराही न वाकवता पोतं खांद्यावर घेऊन स्वयंपाकाच्या मंडपाकडे चालत गेली.

उस्ताद खुर्चीतून उठून उभे राहिले.

“ये किसकी साहबज़ादी हैं?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते श्रीपतकडे गेले. आठ वर्षांनी दोघं समोरासमोर आले होते. उस्तादांनी जुनं काहीच काढलं नाही. म्हणाले, “वासनिक साहब, आजकल लड़कियों के मुक़ाबले भी होने लगे हैं। सुबह दो-तीन बच्चियाँ आती हैं मेरे यहाँ। इसे भेज दीजिए।”

“नाही,” श्रीपत मराठीतच म्हणाला.

घरी आल्यावर भांडण झालं, ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येत होतं. श्रीपत म्हणत होता, “माझी कंबर गेली तेवढं पुरे नाही काय?” चंदा म्हणाली, “तुमची गेली म्हणून तिनं काय जन्मभर बादल्याच उचलाव्या?” मग बेबीचा आवाज आला. ती मराठी समजायची सगळं, पण बोलायची हिंदीच. “बाबा, मैं तो वैसे भी उठाती हूँ न? आपके हिस्से का भी। तो ठीक से सीख लूँ।”

दुसऱ्या दिवशी श्रीपत मला म्हणाला, “जाऊ देतो तिले. पण पट्टा बांधल्याशिवाय बारले हात लावाचा नाही, हे उस्तादले सांगून ठेव.”

मी निरोप दिला. उस्तादांनी उलटा निरोप पाठवला की पहिलं वर्ष पट्टा अजिबात मिळणार नाही, आणि वडिलांना शंका असेल तर त्यांनी स्वतः यावं.

श्रीपत तरातरा गेला. मीही मागोमाग गेलो, न जाणो काय होतं म्हणून. बेबी चौथऱ्यावर उभी होती. उस्तादांनी वाद घातला नाही. तिला श्वास घ्यायला सांगितलं. छातीत नाही, खाली, पोटात, कुशीत, मागे कमरेपर्यंत. मग धरायला सांगितलं. श्रीपतला म्हणाले, “अब हाथ रखिए। एक पेट पर, एक कमर पर।”

श्रीपतने हात ठेवले. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरताना मी पाहिला. त्याने बोटांनी दाबून बघितलं, मग मुठीने हलकंच ठोकून बघितलं. पोरीचं पोट कणग्यासारखं चहूबाजूंनी ताठ झालं होतं.

“इसकी अपनी पेटी बन रही है,” उस्ताद म्हणाले. “चमड़े वाली भी देंगे। भारी वज़न पर फ़ायदा देती है, मैं कब इनकार करता हूँ। लेकिन पहले ये।”

श्रीपत परत निघाला. वाटेत त्याने मला विचारलं, “दिनकरभाऊ, मले कोणी हे असं हात लावून काहून नाही दाखवलं?” मग स्वतःच म्हणाला, “दाखवलं असतं तरी मी पाहिलं नसतं.”

दीड वर्ष बेबी पट्ट्याशिवाय शिकली. वजनं वाढत गेली. वर्ष उलटल्यावर उस्ताद पट्टा देणार होते, पण त्यांना मनाजोगता अरुंद पट्टा मिळेना, आणि बेबीलाही घाई नव्हती. १९८५ च्या डिसेंबरात शहरात मुलींची निवड स्पर्धा होती. त्यात नंबर आला तर राज्याच्या संघात जागा. आणि तेव्हा श्रीपतच्या मनातली भीती पुन्हा वर आली. सराव वेगळा, स्पर्धा वेगळी, तिथं पोरगी इरेला पेटणार, असं त्याला वाटू लागलं. उस्तादांना न सांगता त्याने आपला तोच पट्टा मोच्याकडे नेला, लांबीला कापून घेतला, नवी भोकं पाडून घेतली. आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कमरेला काही नव्हतं. स्पर्धेच्या सकाळी त्याने चंदाच्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडून कमरेला घट्ट गुंडाळली आणि वरून स्वेटर घातलं.

चंदा, मी आणि माझी बायको, सगळेच गेलो होतो. हॉलमध्ये थंडी मरणाची होती. बेबीने स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायच्या प्रकारात, बरी कामगिरी केली. दुसरा प्रकार क्लीन अँड जर्क. आधी खांद्यावर घ्यायचं, मग तिथून वर. प्रत्येक प्रकारात तीनच खेपा. पहिल्या खेपेचं वजन तिने सहज उचललं. आता संघात यायचं तर आणखी पाच किलो लागत होते. तेवढं तिने सरावात एकदाच उचललं होतं.

श्रीपत पडद्याआडच्या जागेत घुसला, मीही मागोमाग गेलो. पिशवीतून पट्टा काढला. “बेबी, हे बांध.”

बेबीने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी श्रीपतकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण श्रीपतच्या हातातला पट्टा त्याचा स्वतःचा, कापलेला होता, हे त्यांनी ओळखलं असावं. ते बेबीला म्हणाले, “आप बताइए।”

“बाँध लेती हूँ,” बेबी म्हणाली. बापासाठीच म्हणाली, हे सगळ्यांना कळलं.

ती बारपाशी गेली, खाली बसली, आणि तिथेच गडबड झाली. मोठ्या पुरुषाच्या मापाचा तो रुंद पट्टा, तिचं धड आखूड. वाकताच वरची कड बरगडीत घुसली आणि खालची कड कमरेच्या हाडावर. श्वास पूर्ण भरताच येईना. तिने ओढलं, बार गुडघ्यांच्या वर आला, पुढे गेला आणि दणकन खाली पडला.

एकच खेप उरली. बेबी परत आली तेव्हा तिचे ओठ आवळलेले होते. रडत नव्हती. श्रीपतसमोर उभी राहून म्हणाली, “बाबा, उतार दूँ?”

आत काय चाललं होतं त्याच्या, मला माहीत नाही. बाहेर नाव पुकारलं जात होतं. श्रीपत खाली वाकला, आणि त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही बकलं सोडली. पट्टा बाजूला ठेवून त्याने एक हात तिच्या पोटावर ठेवला, दुसरा कमरेवर. “भर श्वास,” तो म्हणाला. “इथपर्यंत भर. हां. आता जा.”

ती गेली. बारवर हात बसवले, थांबली, श्वास घेतला. मग बार मांडीवरून सरकत खांद्यावर आला, ती खाली बसली, आणि उठताना क्षणभर अडकली. चंदाने माझ्या बायकोचा दंड इतका धरला की नंतर तिथे वळ उठले. बेबी उठली. गुडघ्यांतून एक लहानसा झटका दिला, आणि बार डोक्यावर. पाय जुळले. पंचांनी खाली ठेवायची खूण केली.

त्यानंतर जे झालं ते फार पटकन झालं. श्रीपत धावत आत गेला. बेबी चौथऱ्यावरून उतरत होती, तिला त्याने काखांखाली धरून वर उचललं. चांगलं हवेत. एक गिरकी घेतली. पोरगी ओरडत होती, “बाबा, कमर! बाबा, कमर!” आणि त्याला ऐकूच येत नव्हतं.

त्याने तिला खाली ठेवलं तेव्हा बन्ने मियाँ जवळ आले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, अदबीने म्हणाले, “हुज़ूर, गुस्ताख़ी माफ़। आपकी दुम निकल आई है।”

श्रीपतने मागे वळून पाहिलं. स्वेटरखालून लुगड्याची पट्टी सुटून शेपटासारखी थेट जमिनीपर्यंत लोळत होती. कधी सुटली देव जाणे. कदाचित बकलं सोडायला तो वाकला तेव्हाच. त्याने ती ओढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. एक हात कमरेवर. तो कळ येण्याची वाट बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. कळ आली नाही. चंदा तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

यातून सगळं एका दिवसात बरं झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर चांगलीच भरून आली आणि तो घाबरून निजून राहिला. पण त्याने पट्टा मागितला नाही. तिसऱ्या दिवशी उठून उस्तादांकडे गेला. म्हणाला, मला तेवढं श्वासाचं शिकवा. उस्तादांनी त्याला बारसुद्धा दिला नाही, बांबू दिला. पोरींच्या शेजारी उभा राहून चाळिशीचा माणूस बांबू उचलायला शिकला. वर्षभराने बादली भरून आणू लागला. थंडीत कधीकधी कंबर धरायची, तेव्हा दोन दिवस गप्प राहायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. स्पर्धेत तो कधीच उतरला नाही. त्याला ते नकोच होतं.

बेबी राज्याच्या संघात गेली. पुढच्या वर्षी वजनं आणखी जड झाली तेव्हा उस्तादांनीच तिला पट्टा दिला. तिच्या मापाचा, अरुंद, पुढच्या बाजूने निमुळता. तो बांधून पोटाने ढकलायचं कसं हे तिला दोनेक महिने शिकावं लागलं. तेव्हाही ती तो फक्त सगळ्यात जड खेपांनाच बांधायची आणि लगेच सैल करायची. श्रीपतला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा तो थोडा कावराबावरा झाला. “आता काहून देता?” त्याने विचारलं. उस्ताद म्हणाले, “अब इसे ज़रूरत नहीं है, इसलिए।” श्रीपतला ते उमगायला थोडा वेळ लागला. मग तो खूप हसला. राष्ट्रीय स्पर्धेत बेबीला पदक मिळालं नाही, पण खेळाडू म्हणून तिला रेल्वेत नोकरी मिळाली. पुढे ती गोरखपूरला गेली.

उस्ताद आंब्याच्या दिवसांत मलिहाबादला गेले की व्यायामशाळेला कुलूप लागायचं, ते आता बंद झालं. किल्ली श्रीपतकडे असायची. वर्कशॉपला जायच्या आधी तो जाऊन दार उघडायचा. १९८८ च्या जूनमध्ये एकदा मी सहज डोकावलो. सरोजिनी नगरहून येणारी एक नवी मुलगी, जेमतेम आठवडा झालेला, त्याला विचारत होती, “अंकल, बेल्ट कब मिलेगी? सब लोग तो पहनते हैं।”

श्रीपतने तिला हसण्यावारी नेलं नाही. नीट तिच्यासमोर उभा राहिला.

“मिलेगी बेटा,” तो म्हणाला. “पहले साँस दिखाओ।”

मुलीने छाती फुगवली. श्रीपतने मान हलवली, स्वतःच्या शर्टाची खालची दोन बटणं काढली, आणि म्हणाला, “ये देखो, यहाँ हाथ रखो.” मग त्याने श्वास घेतला. मुलीने घाबरत बोटं टेकवली, आणि तिचे डोळे मोठे झाले.